श्रीलंकेचा दक्षिण किनारा, दोघं, सात रात्री, बेताचे पैसे: खोली कुठे घ्यावी?

निंबोणी

नमस्कार मंडळी,

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही दोघं श्रीलंकेला चाललोय. लग्नाला अकरा वर्षं झाली आणि दोघांचे पासपोर्ट अजून कोरे आहेत, त्यामुळे उत्साह दांडगा आणि अनुभव शून्य. डोंगर, चहाचे मळे, हत्ती हे सगळं या खेपेला सोडून दिलंय. फक्त समुद्र. विमानाच्या तिकिटांतच पाकीट निम्मं रिकामं झालं, म्हणून तिथे राहणं, खाणं, फिरणं धरून दोघांचे मिळून दिवसाला वीस हजार श्रीलंकी रुपये, याच्या वर जायचं नाही असं ठरवलंय.

घोडं अडलंय ते खोलीवर. मिरिस्साला अगदी वाळूवरची खोली रात्रीला सोळा हजार दाखवतेय आणि तिथूनच 'दहा मिनिटं चालत' असलेली साडेपाच हजारांना मिळतेय. नवरा म्हणतो, खोलीत काय, नुसतं झोपायला तर जायचं, दहा मिनिटं चाललं तर झिजणार आहोत का! मला मात्र त्या दहा मिनिटांबद्दल शंका येतेय. का, ते सांगता येत नाही.

बाकी माहिती: मला पोहता येत नाही, त्याला येतं. तो मासे-मटण खात नाही, मी सगळं खाते. कोलंबोहून ट्रेनने जावं की बसने? की मिरिस्सा सोडून उनावटुना किंवा हिक्कडुवा बघावं? ज्यांनी कमी पैशांत केलंय त्यांनी लिहा. पंचतारांकितवाल्यांनी नुसते फोटो टाकून जळवू नका.

---

खुशालचेंडू

मार्चमध्ये जाताय ना? मग निम्मं काम झालंच. आम्ही 'ऑफ सीझनला खोल्या अर्ध्या किमतीत' बघून जुलैत मिरिस्साला गेलो होतो. अर्ध्या किमतीत का असतात ते पहिल्याच दिवशी कळलं. मेपासून सप्टेंबरपर्यंत नैऋत्येचा मान्सून तो सगळा किनारा झोडपत असतो. पाण्याचा रंग चहासारखा, लाल बावटे लागलेले, आणि समोरची वाळू रोज हातभर कमी होतेय. सहा दिवस पत्ते खेळलो. बायको रमीत एवढी तरबेज झाली की अजून हरवते.

नंतर कळलं की त्याच दिवसांत पूर्व किनारा, म्हणजे त्रिंकोमालीजवळचं निलावेली, उप्पुवेली किंवा खाली अरुगम बे, तिथे लख्ख ऊन असतं. एकाच बेटाच्या दोन बाजूंना दोन ऋतू. आम्ही चुकीच्या बाजूला पत्ते पिसत बसलो होतो.

---

कंदील

'दहा मिनिटं चालत' हे वाचून मला घाम फुटला. खरोखरचा, कारण ती दहा मिनिटं मी चाललेय.

आम्ही गेल्या फेब्रुवारीत गेलो होतो. माझा नवरा हिशेबी माणूस. (हे वाचत असशील तर ऐक, प्रेमाने लिहितेय.) त्याने एक्सेलमध्ये चौदा खोल्यांचा तक्ता केला होता. त्यात 'समुद्रापासून अंतर' असा रकाना होता, 'चढ' असा रकाना नव्हता. आमची खोली मुख्य रस्ता ओलांडून, पुढे रेल्वेचे रूळ ओलांडून, वर टेकाडावर. खाली उतरायला दहा मिनिटं, अगदी बरोबर. वर चढायला बावीस. घड्याळ लावून मोजली आहेत.

आणि समुद्रावर माणूस दिवसातून एकदाच जात नाही हो! सकाळी जातो, ऊन तापलं की परततो, खारं पाणी धुतो, जरा लवंडतो, संध्याकाळी पुन्हा जातो. दर वेळी अंगाला वाळू, ओले कपडे मांड्यांना घासतायत, आणि वर तो चढ. खोलीशी पोचेपर्यंत घामाने एक अंघोळ झालेली असायची. तिसऱ्या दिवशी आम्ही वर जाणंच टाळायला लागलो. मग दुपार काढायची कुठे? खाली कुठल्यातरी छपराखाली. बसलं की काहीतरी मागवावं लागतं. एक लिंबूसरबत, एक फ्रेंच फ्राइज, मग आणखी एक लिंबूसरबत. असे रोजचे चारेक हजार रुपये जायला लागले. खोलीत वाचवलेले पैसे बसण्यात घालवले आणि वर पोटऱ्या दुखल्या त्या वेगळ्याच.

चौथ्या दिवशी भांडण झालं. मोठं नाही, पण रुळावर उभं राहून झालं, आणि दोन शाळकरी पोरं सायकली थांबवून ऐकत होती, म्हणून लक्षात आहे. त्याच दुपारी आम्ही खाली हललो.

तर माझं ठाम मत असं: वाळूवरची सोळा हजारांची नको आणि टेकाडावरचीही नको. मुख्य रस्त्याच्या समुद्राकडच्या अंगाला ज्या बारीक गल्ल्या आहेत, तिथे घरामागे दोन-तीन खोल्या काढलेली माणसं असतात. समुद्र दिसत नाही, ऐकू येतो. तीन मिनिटांत पाय पाण्यात. आम्हाला नऊ हजारांना मिळाली, नाश्त्यासकट. पंखा, मच्छरदाणी आणि अंगणात नळ, पायाची वाळू धुवायला. तो नळ मला कुठल्याही स्विमिंग पूलपेक्षा मोलाचा वाटला. एसी लावला तर दीड हजार जास्त. रात्री समुद्राचा वारा असायचा, आम्हाला लागला नाही.

पैसे वाचवायचे ते प्रवासात वाचवा. तिथे वाचवण्यातच मजा आहे. कटुनायकेच्या विमानतळावरून १८७ नंबरची बस कोलंबो फोर्टला जाते. (फोर्ट म्हणजे स्टेशनचं नाव, किल्ला शोधत फिरू नका. आम्ही फिरलो.) तिथून माताराकडे जाणारी ट्रेन. साधं तिकीट खिडकीवर मिळतं, पण जागा तुम्हीच पटकावायची. उजवीकडची खिडकी धरा. वेल्लवत्त्यापासून पुढे रूळ आणि समुद्र यांच्यात नुसता दगडांचा बांध आहे. भरतीच्या वेळी तुषार आत येतात. दार उघडं, पोरं पायरीवर बसलेली, मधूनच एक बाई टोपलीत 'इस्सो वडे' घेऊन चढते. डाळीच्या चपट्या वड्यावर अख्खी कोळंबी बसवलेली. कागदाच्या सुरळीत, वर कांदा आणि तिखट. मी चार खाल्ले. नवऱ्याने एक्सेलमध्ये 'वडे' अशी नवी ओळ घातली.

हिक्कडुवाच्या अलीकडे पेरालिया लागतं. २६ डिसेंबर २००४ ला सुनामीने इथेच भरलेली ट्रेन रुळावरून उचलून फेकली होती, हजाराच्या वर माणसं गेली. आमच्या समोरची आजी तोवर माझ्याशी खाणाखुणांनी गप्पा मारत होती. तिथे आल्यावर तिने बोलणं थांबवलं, खिडकीबाहेर बघून हात जोडले, आणि गाव मागे पडल्यावर पुन्हा पहिल्यासारखी हसली. मी काही विचारलं नाही.

आता नीट ऐका. गॉल स्टेशनवर रूळ संपतात. गाडी तिथे थांबते, इंजिन दुसऱ्या टोकाला लागतं आणि गाडी आलेल्या दिशेनेच बाहेर पडते. आम्हाला हे कुणी सांगितलं नव्हतं. गाडी उलटी सुटली तशी आम्हाला वाटलं, झालं, ही परत कोलंबोला निघाली! नवऱ्याने दोन्ही बॅगा खांद्यावर टाकल्या, 'उतर, उतर' म्हणत मला दारापर्यंत ओढत नेलं. दारातल्या पोराने शांतपणे विचारलं, 'मिरिस्सा?' आम्ही हो म्हटलं. त्याने बोटाने गोल फिरवून दाखवलं आणि 'सिट, सिट' म्हणाला. परत येईतो आमची जागा गेली होती. तसंही त्या जागेचा उपयोग संपला होता, कारण गाडी उलटली की समुद्र पलीकडच्या खिडक्यांना जातो.

आणि एक. सगळ्या गाड्या मिरिस्साला थांबत नाहीत. आमची नाही थांबली. आमच्या डोळ्यांसमोरून मिरिस्साची पाटी गेली. मातारापर्यंत जाऊन बसने मागे आलो. आधी बघून घ्या, नाहीतर वेलिगामाला उतरा. तिथे बहुतेक गाड्या थांबतात आणि तिथून मिरिस्सा रिक्षाने जवळच आहे.

चष्म्याची भानगड उरलीच. ती मोठी आहे, रात्री लिहिते.

---

निंबोणी

कंदील, रुळावरचं भांडण मी नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं. तो म्हणाला, 'फोटोवरून आपल्याकडे चढ दिसत नाहीये.' मग नकाशा मोठा करून बघितला. रूळ ओलांडावे लागतायत. साडेपाच हजारवाली रद्द!

चष्म्याची भानगड काय? माझ्या नवऱ्यालाही चष्मा आहे.

---

सायकलवाला

पोहता येत नसेल तर मी उनावटुना सुचवेन. तिथली खाडी चंद्रकोरीसारखी आत वळलेली आहे, त्यामुळे लाटा बऱ्याच मऊ होऊन येतात. मातारापाशी पोलहेना म्हणून जागा आहे, तिथे प्रवाळाची आडवी भिंत असल्याने आतलं पाणी तळ्यासारखं उथळ आणि निवांत. मिरिस्सा सुंदर आहे, पण काही ठिकाणी पाणी आत ओढतं. गुडघ्याच्या वर जायच्या आधी तिथल्या कुणालातरी विचारायचं, एवढं पाळा. आणि नवऱ्यांनाही सांगा: ओढ लागली तर किनाऱ्याकडे तोंड करून झगडायचं नाही. आडवं पोहायचं, किनाऱ्याला समांतर. ओढीचा पट्टा अरुंद असतो, त्यातून बाजूला निघालं की लाटाच आणून सोडतात.

उनावटुनाच्या टोकाला रुमस्सला ही टेकडी. हनुमान द्रोणागिरी घेऊन जाताना त्याचा एक तुकडा इथे पडला असं तिथले लोक सांगतात, आणि खरंच औषधी झाडं पुष्कळ आहेत. आमच्या सौ. म्हणाल्या, 'म्हणजे हनुमानाचंही सामान हरवलं होतं तर.' त्यांची बॅग आदल्या दिवशी बसमध्ये राहिली होती, म्हणून हा संदर्भ. (मिळाली. कंडक्टरने पुढच्या फेरीत आणून दिली. एक रुपया घेतला नाही.)

गॉलचा किल्ला चुकवू नका, फुकट आहे. पोर्तुगिजांनी १५८८ मध्ये सुरुवात केली, डचांनी सतराव्या शतकात आताचा भरभक्कम तट बांधला. क्रिकेटचं मैदान अगदी तटाखालीच आहे. आम्ही गेलो तेव्हा कुठल्यातरी शाळांची मॅच चालू होती, तटावर गवतात बसून तीन तास बघितली. कोण कोणाविरुद्ध ते शेवटपर्यंत कळलं नाही, तरी एका डावखुऱ्या पोराच्या कव्हर ड्राइव्हला मी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

स्कूटर घेणार असाल तर: आपला परवाना तिथे नुसता चालत नाही. इंटरनॅशनल परमिट असलं तरी त्याला तिथली मान्यता घ्यावी लागते. आम्ही 'सगळे तर चालवतात' म्हणून घेतली, दुसऱ्याच वळणावर पोलिसाने थांबवलं. चूक सरळ आमचीच. दंड भरला आणि उरलेले दिवस बसने फिरलो. बस मस्त असतात. आत रंगीत दिवे, देवांचे फोटो, मोठमोठ्याने गाणी, आणि ड्रायव्हर असा की घाटातही हॉर्नवरचा हात काढत नाही.

---

कंदील

चष्मा.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसात वाजता आम्ही पाण्यात उतरलो. नवऱ्याला मायनस साडेपाच. मी म्हटलं, चष्मा काढून ठेव. तो म्हणाला, कमरेएवढ्या पाण्यात काय होतंय, मला तू दिसायला नको का? आता अठरा वर्षांच्या संसारात माणूस असं काही बोलला की आपण गप्प बसतो. तेवढ्यात पाठीमागून लाट आली. फार मोठी नव्हती. तो तोंडावर आपटला, उभा राहिला, आणि चेहरा नागडा. आम्ही दोघं वाकून पाण्यात चाचपतोय, एक जर्मन आजोबा स्नॉर्कल लावून चाचपतायत, किनाऱ्यावरचा एक कुत्रा आम्ही काय शोधतोय म्हणून येऊन उभा राहिला. वीस मिनिटं. समुद्राने काही परत दिला नाही.

दुसरा चष्मा? आणला नव्हता. सात किलोच्या हँडबॅगेत बसवायचं म्हणून 'जास्तीचं' सगळं घरी ठेवलं होतं. आम्ही सामानाचे जादा पैसे वाचवले होते ना!

त्याच दिवशी बसने माताराला गेलो. बसच्या पहिल्याच बाकावर जागा मोकळी दिसली, बसलो. वर पाटी होती. मला ती दिसत होती पण सिंहलीत असल्याने वाचता येत नव्हती, ह्याला तर पाटीच दिसत नव्हती. पुढच्या थांब्यावर भगव्या वस्त्रातले भिक्षू चढले आणि अख्खी बस आमच्याकडे बघायला लागली. ते बाक भिक्षूंसाठी राखीव असतं. मी ह्याला कोपर मारलं, तो म्हणाला, 'काय झालं, कोण आलंय?' भिक्षू हसले बिचारे. लक्षात ठेवा, पहिलं बाक नाही. तशीच दुसरी गोष्ट म्हणजे बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढायचा नाही, तिथे ते फार लागतं लोकांना.

माताऱ्याच्या दुकानदाराने नंबर तपासला आणि सांगितलं, परवा संध्याकाळी मिळेल. सोळा हजार रुपये. नवरा म्हणाला, 'म्हणजे वाळूवरच्या खोलीची एक रात्र.' तो काय म्हणतोय ते दुकानदाराला कळलं नाही, मला कळलं.

आणि दुसऱ्या दिवशी पहाटेचे आमचे देवमाशाच्या बोटीचे पैसे भरून झाले होते. दोघांचे पंचवीस हजार, संपूर्ण सहलीतली एकमेव चैन. परत मिळणार नव्हते.

सहाच्या आधी मिरिस्साच्या मासेमारीच्या बंदरात. बोट निघाली, तासाभरात निम्मे लोक कठड्याशी. मीही. (उलटीची गोळी निघायच्या अर्धा-एक तास आधी घ्यायची असते, बोट हलायला लागल्यावर नाही.) नवरा मात्र ठणठणीत, कारण त्याला क्षितिज दिसतच नव्हतं, ते हलतंय हेही कळत नव्हतं. मी त्याला सांगत होते: उजवीकडे जहाज आहे, मोठं, लाल. आता उडणारे मासे. आता डॉल्फिन, दहा-बारा, उड्या मारतायत. तो 'हं, हं' करत होता. मला इतकं वाईट वाटत होतं की उलटीही थांबली.

तिथे जमिनीजवळच समुद्राचा तळ एकदम खोल जातो, म्हणून निळे देवमासे किनाऱ्याच्या एवढे जवळ येतात. नऊच्या सुमाराला नावाड्याने हात वर केला आणि इंजिन मंद केलं. सगळे एकदम गप्प झाले. सगळ्यांचे मोबाइल वर. मला पाण्यावर फक्त एक करडा, लांबट फुगवटा दिसला, उलट्या होडीसारखा, आणि तो दिसायच्या आधी नवऱ्याने माझा दंड पकडला.

'आला,' तो म्हणाला.

आवाज आला होता. फुसकन नाही, एखाद्या फार मोठ्या, फार दमलेल्या माणसाने घरी येऊन खुर्चीत बसताना सोडावा तसा श्वास. मग पाण्याचा फवारा उंच गेला, वाऱ्याने वाकला, त्याचा ओला, जरा कुबट वास आमच्यापर्यंत आला. तो पाच वेळा श्वास घेऊन खाली गेला. पाचही नवऱ्याने मोजले. बोटीवरच्या बाकी सगळ्यांनी फोटो काढले आणि त्यात नुसतं पाणी आलं.

बोट निवडताना एवढं बघा: देवमाशाच्या अंगावर जाणारे नको, लांब इंजिन मंद करून थांबणारे हवेत. आमचा नावाडी थांबणारा निघाला, म्हणून तो श्वास ऐकू आला. बाकीच्या दोन बोटी घरघर करत त्याच्या मागे लागल्या होत्या, त्यांना काय ऐकू आलं असेल?

चष्मा परवाच्या संध्याकाळी मिळाला. ठीकठाक होता. घरी आल्यावर नवा केला, पण ह्याला अजून तो माताऱ्याचाच आवडतो.

---

खुशालचेंडू

कंदील, श्वासाचं वाचून आमच्या रमीची लाज वाटली.

निंबोणी, पौर्णिमा बघून ठेवा. तिथे दर पौर्णिमेला 'पोया'ची सुट्टी असते आणि दारू सहसा मिळत नाही. आमच्या सहा ओल्या दिवसांतला एकच कोरडा दिवस निघाला, आणि तो पोयाचा. मी मेनूत 'जिंजर बिअर' वाचून आनंदाने दोन मागवल्या. थंडगार आल्याचा सोडा आला. चांगला होता. पण बिअर नव्हती.

---

निंबोणी

वाचून पोट दुखेपर्यंत हसले, आणि देवमाशापाशी गप्प झाले. नवऱ्याच्या चष्म्याला दोरी लावायची असते ना मागून, ती आणलीय. जुना चष्माही बॅगेत.

उनावटुनाला तीन, मिरिस्साला चार रात्री असं ठरवलंय. मिरिस्साची खोली रस्त्याच्या समुद्राकडची, गल्लीतली, साडेआठ हजार. आता फक्त त्याच्या खाण्याचं सांगा कुणीतरी. खरंच उपाशी राहील का?

---

कंदील

उपाशी? जाडा होऊन येईल. दुपारी अकरानंतर कुठल्याही साध्या खानावळीत 'राइस अँड करी' मागायचं. भाताच्या डोंगराभोवती तीन-चार भाज्या येतात: परिप्पू म्हणजे नारळाच्या दुधातली मसूर डाळ, कोवळ्या फणसाची पोलोस, वांग्याचा मोजू. कागदात बांधूनही देतात. एका पुड्यात आम्ही दोघं जेवायचो. संध्याकाळी तव्यावर खडखडाट ऐकू आला की कोत्तू. रोटीचे तुकडे, भाज्या, अंडं, दोन पात्यांनी ठोकून. बिनअंड्याचाही करून देतात.

फसतो माणूस तो दोन ठिकाणी. नारळाच्या लाल चटणीत, पोल संबोलमध्ये, बऱ्याचदा सुकवलेल्या माशाचा चुरा असतो, त्याला उंबलकड म्हणतात. विचारून घ्यायचं. आणि दुसरं, 'मालु पान'. बेकरीत तिकोनी, सोनेरी. नाव ऐकून वाटतं विड्याचं नाहीतर कसलंतरी पान असेल. 'पान' म्हणजे तिथे पाव. आपला पाव आणि त्यांचं पान, दोन्ही पोर्तुगिजांचेच. आणि 'मालु' म्हणजे मासा. एवढं पाठ करायला लावा त्याला: 'मस्, मालु एपा.' मटण-मासे नको. बोलताना हसायचं, समोरचाही हसतो, मग जेवण बरं मिळतं.

सकाळी सहाला गल्लीत टिंगटिंग संगीत वाजवत रिक्षा येईल. आइस्क्रीमवाला नाही, पाववाला. मागच्या काचेच्या कपाटातून 'किंबुला बनिस' घ्या. मगरीच्या आकाराचा गोड पाव, वर साखर. ओट्यावर बसून चहाबरोबर.

ओट्यावरून आठवलं. घरामागच्या नाल्यात पाच फुटी सरडा दिसला तर किंचाळू नका. घोरपडीचा थोरला भाऊ, कबरगोया. मी किंचाळले. मालकीणबाई झाडू घेऊन धावत आल्या, त्याला बघितलं, मला बघितलं, आणि झाडू मारायला लागल्या. अंगण झाडायला. तो जीभ बाहेर-आत करत, मांजराच्या वाटीतला भात खाऊन, पोट घासत नाल्यात उतरला. रोज साडेदहाला यायचा. शेवटच्या दिवशी आला नाही तर आम्ही दोघं ओट्यावर वाट बघत बसलो होतो.

---

निंबोणी

परवा परतलो. सविस्तर लिहीन, आता फक्त हजेरी लावते.

चष्मा शाबूत. दोरीसकट. मात्र माझी उजव्या पायाची चप्पल उनावटुनाला पहिल्याच संध्याकाळी गेली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहाशे पावलांवर, एका उलट्या होडीखाली सापडली. पोलहेनाला मी गळ्याएवढ्या पाण्यात उभी राहिले. त्याने हात धरला होता, मग सोडला, आणि मला ते पाचेक मिनिटांनी कळलं. एक कासव माझ्या गुडघ्याजवळून गेलं. खडबडीत, हिरवट, माझ्याकडे अजिबात लक्ष नव्हतं त्याचं.

खर्च दिवसाला तेवीस हजारांवर गेला. देवमाशामुळे. श्वास तिघांचा ऐकला.

त्याने 'मस्, मालु एपा' एवढ्या वेळा म्हटलं की शेवटच्या खानावळीतला पोरगा आम्हाला लांबून बघूनच 'एपा! एपा!' ओरडायचा.

आणि कंदील, ट्रेन. उजवीकडची खिडकी मिळाली, तुषार अंगावर आले, वडे खाल्ले. गॉलला गाडी थांबली, पाच-दहा मिनिटांनी उलटी सुटली. नवरा ताडकन उठला, दोन्ही बॅगा खांद्यावर, 'अगं उतर, ही परत चाललीय!' मला सगळं माहीत होतं. त्याला मी ते तेवढंच वाचून दाखवलं नव्हतं.